गळ्यातली पाटी

तोकुए बाईंकडे मी त्या दुपारी गेले होते ती फक्त स्वयंपाकघरातल्या भांड्यांची आमच्या बेटाच्या भाषेतली नावं विचारायला. माझ्या यादीत दोनशे शब्द होते. त्यातले एकशे साठ गेन्सेई काकांनी भरून दिले होते आणि उरलेल्या चाळीस शब्दांपाशी त्यांनी हात टेकले होते.

"चुलीपाशी मला कुणी फिरकू दिलं असतं तर आली असती नावं," ते म्हणाले. "मासे विचार, वारे विचार, होडीचा एकेक खिळा विचार. शिव्या तर भरपूर आहेत, त्या कुणी विचारतच नाही. बाकी सगळी भाषा त्या बाईच्या पोटात आहे. जा, काढ बाहेर. निघाली तर मला पण येऊन सांग."

निघणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

तुम्ही काल बोटीतून उतरलात आणि आल्या आल्या विचारलंत की एक्केचाळीस नंबरचं ध्वनिमुद्रण अकराव्या मिनिटाला का तुटतं. विद्यापीठाला मी कळवलं होतं, यंत्र बिघडलं. ते खोटं होतं. बसा, चहा घ्या, काळ्या साखरेचा खडा तोंडात धरा, म्हणजे सांगते. मला अर्धवट सांगता येत नाही, त्यामुळे बोट चुकली तर बोल मला लावू नका.

तोकुए बाई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. बेटावरच्या एकुलत्या शाळेत त्यांनी चाळीस वर्षं शिकवलं. मला अक्षरं त्यांनीच लावली, गेन्सेई काकांनाही त्यांनीच, म्हणून अख्खं गाव त्यांना बाईच म्हणायचं. बेटाची भाषा अगदी तळापासून येणारं त्यांच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांच्या तोंडून तिचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. काहीही विचारा, उत्तर शाळेच्या भाषेत, स्वच्छ जपानीत, शेवटच्या अक्षरापर्यंत नीट. आमच्याकडे पितरांपुढे तरी आपलीच भाषा बोलतात. त्यांना दुसरी कळत नाही अशी आमची समजूत आहे. बाई पितरांच्या फडताळापुढे उदबत्ती लावून हात जोडून गप्प बसायच्या. मेलेल्यांशी सुद्धा अबोला, असं बायका मागून म्हणायच्या.

मुलं उरली नाहीत म्हणून शाळा आठ वर्षांपूर्वी बंद पडली होती. त्यातला एक वर्ग गावाने मला ध्वनिमुद्रणासाठी दिला. खिडकीबाहेर मैदान, मैदानात एक जुना वड. जागा शांत होती, पण एप्रिलपासून माझ्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात एक खोट येत होती. म्हातारा माणूस बेटाच्या भाषेतला शब्द उच्चारायचा, आणि लगेच मागे बारीक आवाज यायचा. टक्. तोच माणूस जपानीत बोलला तर काही नाही. मी खिडक्यांच्या झडपा खिळे मारून बंद केल्या, पंखा बंद ठेवला, माइक बदलला. गेन्सेई काका घामाघूम होऊन म्हणाले, "पोरी, मला वाफवून भाषा बाहेर येणार आहे का?" तरी टक् होतंच.

तर त्या दुपारी बाईंच्या ओसरीवर मी यादी उघडली. कोरलच्या कुंपणावर ऊन पांढरं झालं होतं आणि आमच्याकडचे भर दुपारी ओरडणारे रातकिडे कानठळ्या बसवत होते.

"बाई, भाताच्या भांड्यावरच्या या झाकणाला आपल्याकडे काय म्हणायचे?"

बाईंनी जपानी शब्द सांगितला. "लिहून घे. आणि नीट बस, पाठीत पोक काढू नकोस."

"आपल्या भाषेत विचारलं मी."

"मला येत नाही."

"बाई, खोटं बोलू नये असं तुम्हीच शिकवलंत."

"मी पुष्कळ काही शिकवलं," बाई म्हणाल्या आणि माझ्या पेल्यात चहा ओतला.

मला राग आला. पंधरा वर्षं मी या भाषेमागे फिरत होते आणि समोरची बाई ती मुठीत धरून बसली होती. तिला लाज वाटावी म्हणून मी गळ्यातलं यंत्र काढलं आणि गेन्सेई काकांचं ध्वनिमुद्रण लावलं. ऐका म्हटलं, त्या माणसाला शाळेत तुम्ही ढ म्हणायचात, पण जेवढं होतं तेवढं तरी त्याने दिलं.

काकांनी वाऱ्याचं नाव घेतलं. टक्. दुसऱ्या वाऱ्याचं. टक्.

बाईंचा हात किटलीवरच राहिला.

"परत लाव."

मी परत लावलं. त्या यंत्राच्या अगदी जवळ वाकल्या. वीस शब्द, वीस वेळा टक्. मग त्यांनी किटली खाली ठेवली, तीही चटईच्या बाहेर.

"हे कुठे बोलला गेन्सेई?"

"शाळेत. लाकडाचं काहीतरी सैल झालंय, सापडत नाहीये."

"लाकूडच आहे," बाई म्हणाल्या. "लाकूड शिंपल्याच्या बटणावर आपटतंय. एकच बटण होतं, आईने झग्याला गळ्यापाशी लावलेलं, मोठं... शब्द कानावर पडला की ती हात आणखी घट्ट दाबते. म्हणून पाटी हलते."

"कोण, बाई?"

पाटी म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. आमच्या आईवडिलांच्या पिढीत ते सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेच्या आवारात बेटाची भाषा बोललेलं ऐकू आलं की त्या मुलाच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायची. ती उतरवायचा मार्ग एकच. दुसऱ्या कुणाला तरी तीच भाषा बोलताना पकडायचं आणि पाटी त्याच्या गळ्यात घालायची. घालायला कुणी सापडलं नाही तर संध्याकाळी छड्या, आणि उद्या पुन्हा तीच पाटी. मुलं हुशार असतात. मागून जाऊन दुसऱ्याच्या पायावर जोरात पाय द्यायचा. लागल्यावर कुणी जपानीत कळवळत नाही.

"मी दहा वर्षांची होते," बाई म्हणाल्या. "मोठ्या बेटावरच्या शाळेत पुढे शिकायला एका मुलीला पाठवणार होते. मास्तर म्हणाले, शनिवारी तुझ्या गळ्यात पाटी नसेल तर तुझं नाव देईन. आणि शुक्रवारी पाटी माझ्या गळ्यात. सगळी पोरं तोंडं शिवून बसलेली, कुणी जवळ येईना. माचि आली. माझी धाकटी बहीण, सात वर्षांची, नुकती शाळेत घातलेली. ताई म्हणून जवळ आली."

"पायावर पाय दिलात?"

"टाचेने दिला. तिला बूट नव्हते." बाईंनी स्वतःच्या टाचेकडे पाहिलं. "आगा, म्हणून ओरडली. मी पाटी तिच्या गळ्यात घातली आणि तिच्याकडे न बघता वर्गात गेले."

मी यंत्राचं बटण उगाच चोळत राहिले.

"तिने ती कुणालाच दिली नाही, चिहारू. मी सांगायचे, अगं, कुणालातरी चिमटा काढ. नाही म्हणायची, लागतं त्यांना. मधल्या सुट्टीत वडाखाली जाऊन दोन्ही कान झाकून उभी राहायची. कुणी बोललंच तर ऐकायला नको, म्हणजे पकडायला नको. आठ दिवस. रोज छड्या. नवव्या दिवशी ताप घेऊन गेली आणि उन्हात तिथेच पडली."

तिला घरी आणलं ते डोळे उघडे, पण ओळख नाही. घाबरून पडलेल्या मुलाचा जीव पडल्या जागी राहतो, हे आमच्याकडे कुणी कुणाला समजावून सांगत नाही. माझा स्वतःचा जीव मी चार वर्षांची असताना आजीने विहिरीच्या काठावरून उचलून आणला होता. मुलाचा कपडा न्यायचा, भाताचा गोळा न्यायचा, त्या जागेवरचे तीन खडे उचलायचे आणि नाव घेऊन घरी चल म्हणायचं. मग वाटेत न बोलता तो कपडा आणून मुलाच्या अंगावर घालायचा.

"आई निघाली होती," बाई म्हणाल्या. "मी फाटकात आडवी पडले. म्हटलं, आई, आवारात आपली भाषा बोललीस तर माझं नाव कापतील. तू थांब, मी जाते. आणि मी गेले. भात ठेवला, खडे उचलले." त्यांचा आवाज बारीक झाला. "आणि तिला जपानीत हाक मारली. शुद्ध, मास्तरांनी शाबासकी द्यावी अशी. माचि, कृपया घरी चल... तिला कुठून कळणार गं? महिनाभर झाला होता शाळेत. कुणीतरी परकं आपल्याला रागावतंय असंच वाटलं असेल तिला. मी रिकामा कपडा घेऊन घरी आले. आईला म्हटलं, आणली. तिसऱ्या दिवशी माचि गेली."

मला रडू आलं. बाईंना आलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत ते सगळं आटलं असावं.

"आणि तुमचं नाव?"

"दिलं ना. शिकून बाई झाले आणि त्याच शाळेत परत आले. पाटी तेव्हाही होती. दोरी कुजली होती, ती मीच बदलली. चाळीस वर्षं रोज सकाळी माचिच्या समोरून वर्गात गेले. कान झाकून उभी असायची. मी बाई होते, मी कशी बोलणार?" मग त्या उठल्या. "उद्या तीन वाजता ये. तुझं यंत्र पण आण. एवढी मागे लागलीस, तर ऐक एकदा."

दुसऱ्या दिवशी बाई काळे कपडे घालून तयार होत्या. कुबड्यासारख्या वाकलेल्या, पण केस चोपून बांधलेले. हातात भाताचा गोळा आणि केळीच्या धाग्याचा, इवलासा, पिवळा पडलेला कपडा. पेटीतून काढल्याचा कापराचा वास येत होता. भर दुपारी रस्त्यावर एक शेळी सोडून कुणी नव्हतं.

शाळेच्या फाटकात बाई थबकल्या. मला वाटलं, परत फिरतील. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. लहान मुलांचं उत्तर चुकलं की होतं तसं. मी यंत्र चालू केलं आणि नेहमीसारखं गळ्यात अडकवलं. वडाखाली त्यांनी गोळा ठेवला, वाकून तीन खडे उचलले, आणि तोंड उघडलं.

मी तुम्हाला काय सांगू. मी या भाषेचे अकरा हजार शब्द कागदावर उतरवलेत आणि ती अशी वाहताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आवाजच वेगळा होता. अठ्ठ्याऐंशीचा नव्हता, दहाचा होता. माचि, ताई आलीय. आई चुलीपाशी वाट बघतेय. रताळी शिजलीत. इथलं ऊन फार आहे, इथे नको उभी राहूस, चल घरी.

रातकिडे थांबले. एकदम, एखाद्याने दार लोटावं तसे. वडाच्या पारंब्या स्थिर होत्या.

टक्.

यंत्रात नाही, मैदानात. माझ्यापासून सहा हातांवर.

"बाई..." मी म्हटलं.

बाईंनी मला हाताने गप्प केलं. त्या बोलत राहिल्या आणि प्रत्येक शब्दाला टक्, टक्, भराभर, जणू कुणी तरी अंग चोरून आणखी आणखी घट्ट कान दाबत होतं. मग बाई गुडघ्यांवर बसल्या. दोन्ही हात पुढे केले आणि हवेत, सात वर्षांच्या मुलीच्या कानांएवढ्या उंचीवर नेले. तिथे काहीतरी हाताला लागलं. मी पाहत होते, लागलं. त्यांनी बोटं मिटली आणि हळूच, फार हळूच, काहीतरी खाली घेतलं.

"आता ऐकलंस ना?" त्या आपल्या भाषेत म्हणाल्या. "मी बोलले. शाळेच्या आवारात बोलले. पकड मला. ती पाटी आता माझी. दे ताईला..."

आणि त्यांनी मान पुढे वाकवली. मान आणखी खाली गेली, वजन पडल्यासारखी. त्यानंतर टक् झालं नाही. बाईंनी तो कपडा गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि माझ्या गळ्यातल्या यंत्राकडे बोट केलं.

"बंद कर. पुढचं तिचं आहे."

ते अकरावं मिनिट.

घरापर्यंत आम्ही बोललो नाही, मागे वळून पाहिलं नाही. बाईंची मान वर होत नव्हती, म्हणून कपडा मी धरला होता. तो जाताना रुमालाएवढा हलका होता. येताना मला दोन्ही हात लावावे लागले. तो गरम होता आणि माझ्या मनगटापाशी मधूनमधून हलत होता, मूल झोपेत हलतं तसा.

घरी आल्यावर बाईंनी तो मांडीवर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढं एक वाक्य त्या जपानीत बोलल्या. "आता घालू कुणाच्या अंगात, चिहारू? अंगच कुठे आहे?"

मग बाई त्या कपड्याशी बोलू लागल्या. साडेतीनपासून दिवेलागणीपर्यंत, न थांबता. आईने नंतर काय केलं, कुठली शेळी व्याली, लढाईत कोण गेलं, विहीर कधी बुजवली. भांड्यांची ती चाळीसच्या चाळीस नावं त्यात येऊन गेली. जगात ती भाषा अशी बोलणारं शेवटचं माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बोलत होतं, यंत्र माझ्या गळ्यात होतं, अंगठा बटणावर होता, आणि मी ते दाबलं नाही. विद्यापीठाला हे कळलं तर मला काढून टाकतील. काढू देत.

अंधार पडायला लागला तेव्हा मांडीवरचा कपडा सपाट झाला होता. बाईंनी मान न उचलता मला जवळ बोलावलं.

"त्या आवारात ही भाषा पुन्हा कुणी बोलू नका. दुसरीकडे कुठेही बोला, हवं तेवढं बोला. मला ही पाटी कुणाला द्यायची नाहीये. पण माझा भरवसा नाही गं... मी काही माचि नव्हे."

पहाटे त्या गेल्या. अंघोळ घालणाऱ्या बायकांना मानेवर वळ दिसला, बोटभर रुंद, मागून निघून दोन्ही बाजूंनी छातीकडे उतरलेला. उशी रुतली असेल, असं त्या म्हणाल्या. गेन्सेई काकांनी तो पाहिला आणि नकळत स्वतःच्या मानेला हात लावला.

"उशीचा असतो होय असा?" ते म्हणाले. "मला तीनदा अडकवली होती हिने." आणि तो सत्तर वर्षांचा कोळी ओठ मुडपून रडायला लागला. "मेली सुटली असं म्हणवत पण नाही."

तो छोटा कपडा आम्ही बाईंच्या छातीवर ठेवून दिला.

पुढे गावात चार कुटुंबं बाहेरून राहायला आली आणि मुलं झाली अकरा. मी त्यांच्यासाठी बेटाच्या भाषेचा वर्ग काढला, मच्छीमारांच्या सोसायटीच्या ओसरीवर, शाळेपासून लांब. तीन वर्षं चालला. गेल्या वर्षीच्या वादळाने ओसरीचं छप्पर नेलं. गावाने सांगितलं, शाळा रिकामीच आहे, तिथे घ्या. मी नाही म्हणायला हवं होतं. पण एक वर्ष खंड पडला तर ही मुलं पुन्हा येणार नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि ती अकराच आहेत. शिवाय मी यंत्र घेऊन आधी एकटी जाऊन आले होते. मोठ्याने शब्द उच्चारून पाहिले, मागे काहीही आलं नाही. मग मला आठवलं की बाईंना काळे कपडे घालून निरोप दिला, त्यांच्या गळ्यापाशी बटण नव्हतं. पाटी हलली तरी आपटणार कशावर?

तरी मी वर्ग घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात मिओ, खिडकीशी बसणारी सात वर्षांची, मला म्हणाली, "बाई, झाडाखाली ती आजी कोण आहे?" तिचे आईवडील गेल्या साली आलेत, तिने तोकुए बाईंचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही. मी खिडकीतून पाहिलं. मला वड दिसला.

"काय करतेय आजी?"

"काही नाही. गळ्यात काहीतरी घालून उभीये. आणि दोन्ही कान असे..." तिने आपले कान घट्ट दाबून दाखवले. "आमचा आवाज आवडत नाही का तिला?"

आवडत नाही असं नाही, मी म्हटलं. अठ्ठ्याहत्तर वर्षं बाई त्या भाषेशी गप्प राहिल्या, एक दुपार बोलल्या, आणि आता अकरा मुलं तीच भाषा त्यांच्यासमोर बोलताहेत आणि त्यांनी ऐकायची नाही. तेव्हापासून आम्ही हळू आवाजात शिकतो. भाषा जगवायची म्हणून मी मुलांना सांगते, हळू बोला. काल तुम्ही मैदानात उभे होतात, तुम्हाला ऐकू आलं नसेल. ऐकू येऊ नये म्हणूनच.

मुलं मुलंच असतात. परवा भाताच्या भांड्याच्या झाकणाचा शब्द आला. त्या दुपारी बाईंच्या तोंडून ऐकलेला, माझ्या डोक्यात राहून गेलेला. मुलांना तो इतका आवडला की सगळी एकदम ओरडली, पुन्हा पुन्हा, बाकं बडवून. मी गप्प करेपर्यंत पाच-सहा वेळा झालं असेल.

शांत झाल्यावर मिओ खिडकीतून बाहेर बघत होती, आणि एका हाताने स्वतःची मान चोळत होती.

"बाई," ती म्हणाली, "आजीने आज एक हात खाली घेतलाय."